उकिरड्याची दैना

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ हे आपल्या पालघर जिल्ह्यातील उंच पठार. पावसाळ्यात तेथे धो धो पाऊस कोसळतो आणि ओढ्यानाल्यांवाटे वैतरणेच्या खोऱ्यात उतरतो. दिवाळी सरली की पठार सुकू लागते आणि शिमग्यानंतर याच तालुक्यातील पाड्यापाड्यांतून आदिवासी भगिनी डोक्यावर हंडा घेऊन पाण्याच्या शोधात निघतात. दर उन्हाळ्यात शासनाला येथे टँकर पाठवावे लागतात. त्याच वेळी तालुक्याच्या अंगावरून वाहणारे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईकडे धावत असते. १८९२ साली तानसा, १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली अप्पर वैतरणा आणि २०१४ साली मोखाड्यातील कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा, अशी मुंबईची तहान धरणामागून धरण बांधीत डोंगराच्या दिशेने सरकत आली. एकट्या मध्य वैतरणेतून दररोज सुमारे साडेपंचेचाळीस कोटी लीटर पाणी शहराला मिळते. गारगाई आणि पिंजाळ या नद्यांवरही आता शहराचा डोळा आहे.

डोंगराने पाणी दिले. त्या पाण्यावर जगणाऱ्या शहराने बदल्यात काय दिले, हा प्रश्न आज विचारायला हवा. कारण पाण्याच्या मागोमाग त्याच वाटेने, उलट दिशेने, शहराचा कचरा खेड्यांकडे निघाला आहे.

मुंबई दररोज सुमारे साडेसहा हजार टन कचरा निर्माण करते. तो टाकण्यासाठी शहराने नेहमी एकच युक्ती योजली : तो 'बाहेर' टाकावयाचा. १९२७ साली देवनार हे असेच 'बाहेर' होते. खाडीकाठची ओसाड जागा, कोण तक्रार करणार? शहर वाढत गेले, देवनारच्या पायथ्याशी गरिबांच्या वस्त्या उभ्या राहिल्या आणि कचऱ्याचा डोंगर त्यांच्या माथ्यावर वाढत राहिला. गोराई हेही 'बाहेर' होते, मुलुंड हेही 'बाहेर' होते. ती क्षेपणस्थाने भरली, बंद करावी लागली. मग कांजूरमार्ग आले. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कांजूरमार्गची ती जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दरम्यान अंबरनाथ तालुक्यातील करवले गावाचेही नाव पुढे आले. म्हणजे 'बाहेर' आणखी बाहेर सरकले. पुण्यानेही हेच केले. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या विहिरी शहराच्या कचऱ्याने नासवल्या, आणि ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या तेव्हा शहराला आपल्या कचऱ्याची प्रथम आठवण झाली.

आपल्याकडे एक म्हण आहे : उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. देवनारची दैना शंभर वर्षांतही फिटलेली नाही. जानेवारी २०१६ मध्ये हा डोंगर दिवसेंदिवस धुमसत राहिला, धुराचे लोट अवकाशातून टिपले गेले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होत नाही तोवर मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये असा आदेश दिला. तो मनाई हुकूम २०१८ साली उठला, इमारती पुन्हा वाढू लागल्या. २०२४ साली राज्य सरकारने देवनार क्षेपणभूमीवरील १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्विकासात घरे बांधण्यासाठी देण्याचे ठरविले. ज्यांनी शहराचा कचरा वेचून शहर स्वच्छ ठेवले, त्यांच्याच भाईबंदांना कचऱ्याच्या जागेवर वसवावयाचे, यातील क्रूरता आपल्या ध्यानातही येऊ नये?

वाचकहो, हे सारे मुंबईकरांचे पाप आहे असे म्हणून वसईकरांना हात झटकता येणार नाहीत. नव्वदच्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह आपली माणसे हरित वसईसाठी रस्त्यावर उतरली. आपल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून शहराला विकू नका, ही त्या लढ्यातील एक न्याय्य मागणी होती. आज त्याच वसईच्या नळांना सूर्या धरणाचे, म्हणजे आदिवासींच्या डोंगरातले पाणी येते. २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली आणि गोखिवऱ्याच्या भोयदापाड्यावर आपला कचऱ्याचा डोंगर वाढत गेला, त्यालाही आगी लागतात. ज्या वाडीवाल्याच्या पूर्वजांनी घराशेजारी उकिरडा राखून शेण, पालापाचोळा, केळीचे खुंट कुजवून केळीला आणि पानवेलीला खत घातले, त्याचे नातू आज खरकटे, प्लास्टिक आणि औषधांच्या बाटल्या एकाच पिशवीत बांधून गाडीत फेकतात. पूर्वजांचा उकिरडा जमिनीला जीव देई, आपला उकिरडा जमिनीचा जीव घेतो.

यावर तीन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले : हे पालिकेचे काम आहे, आम्ही कर भरतो. कर भरल्याने कचरा उचलला जातो, नाहीसा होत नाही. ओल्या कचऱ्यात मिसळलेला कागद वा प्लास्टिक नंतर कोणत्याही यंत्राने नीट वेगळे होत नाही. ते वेगळे करण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे आपले स्वयंपाकघर. दुसरे उत्तर : परदेशाप्रमाणे कचरा जाळून वीज करावी. आपल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. ओले लाकूड चुलीत घालणाऱ्या माउलीला विचारा, ती सांगेल त्यातून धूर किती निघतो आणि उष्णता किती. तिसरे उत्तर : कायदा करावा. कायदे झाले. सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली दाखल झालेल्या अर्जाच्या पाठोपाठ २००० साली नियम आले, २०१६ साली अधिक कडक नियम आले, २०१८ साली महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांचा धडा त्या दिवशी मुंबईने गिरवला. तरीही बाजारात मासळी आजही पिशवीतूनच घरी येते. कायदा दारापर्यंत येतो, उंबरठा ओलांडून आत येणे हे मनुष्याच्या सद्सद्विवेकाचे काम आहे.

सद्सद्विवेकाची भाषा आम्हां ख्रिस्ती लोकांना परकी नसावी. पाच हजारांना भाकर वाटून झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. ज्याने भाकर वाढविली त्याला उरल्यासुरल्याची काय पर्वा? तरीही त्याने ती केली. आमच्या लग्नांत, बाप्तिस्म्यांत, चर्चच्या सणांत उठणाऱ्या पंक्तींनंतर काय उरते, ते एकदा मंडपामागे जाऊन पाहावे. थर्मोकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले आणि त्यांत अर्धे टाकलेले अन्न. वेदीवर भाकरीला आपण पवित्र मानतो, मग मंडपामागची भाकर अपवित्र कशी झाली? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र काढून, वस्तू फेकण्याची सवय अखेर माणसे फेकण्यापर्यंत जाते, असा इशारा जगाला दिला. ते २०२५ साली निवर्तले, पण त्यांच्या विश्वपत्राचे आपण काय केले? व्याख्याने ठेवली, फलक लावले, आणि व्याख्यानानंतर प्लास्टिकच्या पेल्यांतून चहा दिला.

करता येण्याजोग्या गोष्टी कठीण नाहीत. प्रत्येक धर्मग्रामाने चर्चच्या आवारात खताचा खड्डा करावा. सणासुदीला स्टीलची ताटे भाड्याने मिळतात, ती आणावीत व धुण्याची मजुरी द्यावी. केळीचे पान आमच्या वाडीत आजही आहे. सुका कचरा वेचक भगिनींच्या हाती थेट द्यावा. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा गोळा करते, मग आपल्या शहरातील वेचकांना ओळखपत्र आणि मान का मिळू नये? आणि निवडणुकीला मत मागावयास येणाऱ्याला रस्ता किती रुंद करणार हे विचारण्याआधी कचऱ्याचे काय करणार हे विचारावे.

हे न केल्यास काय होईल, ते नकाशात पाहावे. देवनार, गोराई, मुलुंड, कांजूरमार्ग, करवले. 'बाहेर'ची रेषा दर पिढीला पुढे सरकते आहे. तिच्या वाटेवर जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत, जेथील लोकांचा आवाज मंत्रालयापर्यंत क्वचितच पोहोचतो. पावसाळ्यात सहलीसाठी डोंगरावर जाऊन रिकाम्या बाटल्या मागे टाकून येणारे आपण तर त्या वाटेवर आधीच निघालो आहोत. श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजर त्याच्या मेजावरचा चुराडा मागत होता. सूर्यमाळचा आदिवासी चुराडाही मागत नाही. ज्या डोंगराचे पाणी तुम्ही प्यायलात त्याच्या माथ्यावर तुमचे खरकटे आणून टाकू नका, एवढाच त्याचा हक्क आहे. तो हक्क त्याने मागावयाच्या आत आपण तो मान्य करावा, यातच आपल्या ख्रिस्तीपणाची कसोटी आहे.