खाडा कोणाचा?

एड्सच्या विषाणूविषयी आपल्याकडे अजूनही नीतिमत्तेच्या भाषेत बोलले जाते. एखाद्या रुग्णावर औषधे चालेनाशी झाली की ‘गोळ्यांचा खाडा केला’ असा ठपका त्याच्यावर ठेवून व्यवस्था मोकळी होते. या ठपक्यामागील जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र, दोन्ही तपासून पाहिले पाहिजे.

उपचार न मिळालेल्या एका रुग्णाच्या देहात दररोज सुमारे 1,000 कोटी नवे विषाणू निपजतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये मांडला. या विषाणूचा जनुकीय मजकूर जेमतेम 9,700 अक्षरांचा, आणि त्याची नक्कल उतरविणारी यंत्रणा आपल्या चुका दुरुस्त करीत नाही. परिणामी त्या मजकुरातील जवळपास प्रत्येक अक्षर रोज कोठे ना कोठे बदलून पाहिले जाते. लॅमिव्ह्युडीन हे औषध निष्प्रभ करण्यास यांतील एकच बदल पुरतो. म्हणूनच तीन औषधे एकत्र द्यावी लागतात. तिन्हींना एकदम चकविणारा विषाणू निपजणे फार कठीण. परंतु गोळ्या खंडित झाल्या की सर्व औषधे रक्तातून सारख्याच वेगाने ओसरत नाहीत. मागे रेंगाळणारे औषध एकटे पडते, आणि त्याला पुरून उरणारा वंश त्याच देहात फोफावतो. सध्याचे डोल्युटेग्रावीर अधिक टिकाऊ आहे खरे. तथापि काही देशांत त्यालाही प्रतिकार आढळू लागल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये नोंदविले. उत्क्रांती ही लाखो वर्षांची गोष्ट म्हणून आपण शाळेत शिकलो. येथे ती एका द्राक्षहंगामात घडू शकते.

आणि द्राक्षहंगाम म्हटला की आपला नाशिक जिल्हा आलाच. पेठ-सुरगाण्याची आदिवासी कुटुंबे छाटणीला आणि काढणीला दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. त्यांतील ज्याला हा आजार जडला आहे, त्याने गोळ्यांसाठी केंद्र गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, एस.टी.चे भाडे गेले, शिवाय मुकादमाला कारण सांगणे आले. खरे कारण सांगावे तर काम जाण्याची भीती. 2017 च्या कायद्याने एच.आय.व्ही.बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे; पण बागेच्या बांधावर तो कायदा वाचून दाखविणार कोण? दोन खाड्यांपैकी एक त्याला निवडावाच लागतो, आणि पोट कोणता निवडते हे सांगायला नको.

शासनाच्या खाड्याचे काय? जुलै 2022 मध्ये औषधांच्या टंचाईविरुद्ध रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात धरणे धरावे लागले. देशात साठा पुरेसा आहे, हे सरकारचे उत्तर!

हा प्रश्न त्या एका रुग्णापुरताही नाही. दक्षिण आफ्रिकेत एच.आय.व्ही. आटोक्यात नसलेल्या एका स्त्रीच्या देहात कोविडचा विषाणू 216 दिवस मुक्कामाला होता आणि त्याच्यात 30 हून अधिक बदल झाले, असे तेथील संशोधकांनी 2021 मध्ये दाखविले. एच.आय.व्ही.ची औषधे बदलून दिल्यावर तो हटला.

2020 च्या टाळेबंदीत प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले होते. संकटात जे जमले, ते हंगामी मजुराला कायमचा हक्क म्हणून, बागेजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाले पाहिजे. आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी किमान वेतनाच्या दराने सरकारने भरून दिली पाहिजे. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला ही मागणी अवाजवी वाटण्याचे कारण नाही.