शेक मध्येच का सोडू नये?

रेडिओथेरपीला आपल्याकडे बरेच रुग्ण ‘शेक घेणे’ किंवा ‘लाईट घेणे’ म्हणतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात ती साधारण ६ ते ७ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस देतात. दोन-तीन आठवड्यांत तोंड सोलवटते, गिळवत नाही. गाठही कमी दिसू लागते आणि ‘आता बास’ म्हणून काही जण घरी बसतात. माझ्या मते हा निर्णय फार महागात पडतो. त्याचे कारण पेशीच्या आत आहे.

किरणांचा मुख्य मारा पेशीतील डीएनएवर होतो. डीएनए ही दुपदरी दोरी समजा. एक पदर तुटला तर पेशी तो सहज जोडते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर पेशी मरू शकते. रोजच्या २ ग्रे डोसने एकेका पेशीत अशा दुहेरी तुटी डझनावारी होतात.

पण पेशीही स्वस्थ बसत नाही. काही मिनिटांतच ‘एटीएम’ नावाचे प्रथिन जागे होते (बँकेच्या एटीएमशी याचा संबंध नाही!). डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यातल्या एकावर ते फॉस्फेटची खूण करते. ‘इथे तुटले आहे’ अशी ती पाटीच. मग युबिक्विटिन नावाचे छोटे प्रथिन तिथे चिकटवले जाते आणि या खुणा ओळखून दुरुस्ती करणारी प्रथिने गोळा होतात. काही कर्करोगपेशींत हे काम फारच तत्परतेने चालते. अशी गाठ किरणांना सहज दाद देत नाही.

ही दुरुस्ती अडवणाऱ्या औषधांवर संशोधन सुरू आहे. ओलापॅरिबसारखे औषध स्तन व अंडाशयाच्या काही कर्करोगांत वापरातही आहे. एटीएम अडवणारी औषधे मात्र अजून चाचण्यांतच आहेत. तोवर आपल्या हातात काय आहे?

पहिले म्हणजे वेळापत्रक. दोन डोसांमधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःला बऱ्यापैकी सावरतात, म्हणूनच डोस रोज थोडा थोडा देतात. पण मध्येच आठवडाभर खंड पडला तर उरलेल्या कर्करोगपेशी वाढू लागतात. ठरलेल्या सुट्ट्या हिशोबात धरलेल्या असतात, आपण घेतलेल्या नाहीत.

दुसरे, विडी-सिगारेट बंद. ऑक्सिजन असेल तर किरणांनी केलेली इजा पक्की होते आणि दुरुस्ती अवघड जाते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनचीच जागा घेतो. हिमोग्लोबिनकडेही लक्ष हवे.

तिसरे, अँटिऑक्सिडंटच्या किंवा ‘पेशी दुरुस्त करणाऱ्या’ गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. या काळात कोणत्या पेशीची दुरुस्ती होईल, हे त्या गोळीला कळत नाही. रोजच्या जेवणातल्या फळभाज्यांची भीती नको.

घरच्यांना आणि आम्हा फॅमिली डॉक्टरांनाही एक सांगणे आहे. तोंडातले फोड, वेदना, घटणारे वजन यांवर वेळीच इलाज झाला तर रुग्ण शेवटच्या दिवसापर्यंत टिकतो. नाकातून नळी घातली म्हणजे आजार हाताबाहेर गेला असे नव्हे. ती उपचार पूर्ण करण्यासाठी असते.

सगळे पाळूनही एखादी गाठ उरते. तो रुग्णाचा दोष नसतो. अशा वेळी पुढचे उपाय विचारायला कर्करोगतज्ज्ञांकडे जरूर जा. पण शेक अर्धवट सोडायचा विचार मनात आला, तर आधी डॉक्टरांशी बोला.