विश्लेषण : थंडीत टायरमधली हवा कुठे जाते? आणि स्टेपनीचे काय?

डिसेंबर-जानेवारीत विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरतो. आठवड्यापूर्वी नीट भरलेली टायरची हवा अशा सकाळी मोजली तर तीन-चार पीएसआयने कमी भरते. पंक्चर नसते, व्हॉल्व्हही गळत नसतो. मग होते काय?

दाब का घटतो?

हवा कुठेही जात नाही. तापमान उतरले की टायरमधल्या वायूच्या रेणूंचा वेग मंदावतो आणि दाब कमी होतो. मोटारीच्या टायरमध्ये दर सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय, असा ढोबळ हिशेब आहे. दुपारी ३० अंशांत ३३ पीएसआय हवा भरली, तर पहाटे ८ अंशांत ती साडेएकोणतीसच्या आसपास दिसते. प्रवासात तापलेल्या टायरमध्ये पंपावर हवा भरली असेल, तर घट आणखी मोठी. नायट्रोजन भरल्याने हे टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाचा नियम दोन्हींना सारखाच लागू होतो.

कमी हवा धोक्याची कशी?

‘महामार्गावर टायर तापून फुटतो, म्हणून हवा थोडी कमीच ठेवा,’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते, आणि या सततच्या दबण्यातूनच जास्त उष्णता तयार होते. ७०१ किलोमीटरच्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे तासन् तास एकाच वेगाने धावताना टायरला निवायला वेळच मिळत नाही. बाहेर गारठा असला तरी कमी हवेचा टायर आतून तापतोच.

दिवा लागला नाही, म्हणजे सगळे ठीक?

नाही. फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला. त्यातून सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या हलक्या वाहनांना दाब दाखवणारी यंत्रणा (टीपीएमएस) सक्तीची झाली. तिथल्या मानकानुसार दाब २५ टक्क्यांनी घटल्यावर इशारा मिळणे बंधनकारक आहे. म्हणजे ३३ पीएसआयच्या टायरमध्ये जेमतेम २५ उरल्यावर. साडेएकोणतीसला दिवा गप्पच राहू शकतो.

स्टेपनी का विसरली जाते?

ही यंत्रणा बहुतेक गाड्यांत फक्त धावत्या चार चाकांवर लक्ष ठेवते. डिकीत पडलेल्या स्टेपनीची हवाही महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप घटते. वर्षभर न तपासलेली स्टेपनी थंडीत, रात्री, आडरस्त्यावर बाहेर काढली तर ती बसलेलीच निघायची. काही गाड्यांत छोटी, अरुंद स्टेपनी असते. तिला साधारण ६० पीएसआय हवा लागते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरपेक्षा वेगाने जायचे नसते. टीपीएमएस आणि टायर दुरुस्तीचा संच असलेल्या, ट्यूबलेस टायरच्या हलक्या प्रवासी गाड्यांना २०२० च्या नियमबदलानुसार स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे आपल्या डिकीत नेमके काय आहे, हे आधी उघडून पाहावे.

काय करावे?

गाडी किमान तीन तास उभी असताना, सकाळीच हवा मोजा. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवरचा घ्या. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. टायर गरम असताना दाब जास्त दिसला, तर हवा काढू नका. नेहमीच्या आकाराची स्टेपनी असेल, तर तिच्यात पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा ठेवा. जास्त झालेली काढता येते, रस्त्यात भरायला मात्र पंप सापडेलच असे नाही. उन्हाळा लागताच पाचही टायर पुन्हा तपासा, कारण तेव्हा हेच गणित उलटे फिरते.