‘बिनविरोध’ या शब्दाचा गोडवा

‘बिनविरोध’ हा शब्द मराठीत केवळ कौतुकाने वापरला जातो, याचे आम्हांला नवल वाटते. विरोध नव्हता, की तो उमटू दिला गेला नाही, याचा उलगडा हा शब्द कधीच करीत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातील उमराणे या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केल्या. पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्यात बोली २ कोटींपलीकडे गेली आणि तीही मंदिरासाठी! देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? खरी मेख इथेच आहे. त्याच जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या, किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाच्या पारावर हात वर करून मत विचारले, तर ज्याच्या शेतावर उद्या मजुरीला जायचे त्याच्या डोळ्यांदेखत हात खाली ठेवण्याचे बळ मजुराने कोठून आणावे?

निवडणुकीने गावे दुभंगतात, भावकीत वैरे पेटतात, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण वैर झाकणे म्हणजे मिटवणे नव्हे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे साधे प्रयोग केले. भोवतालचे सगळे एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, की अशा सुमारे एक तृतीयांश वेळा माणसे डोळ्यांना दिसणारे सत्य नाकारीत. मात्र एक जरी साथीदार खरे बोलला, किंवा उत्तर खाजगीत लिहून देता आले, तर हे प्रमाण झपाट्याने घसरे. गुप्त मतदानाचे याहून चांगले समर्थन आम्हांला ठाऊक नाही.

साहित्याच्या प्रांगणात तरी आपण वेगळे वागतो काय? संमेलनाध्यक्षपदाच्या निवडणुकीत गटबाजी होती, हे खरेच. म्हणून निवडणूकच मोडीत निघाली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष एकमताने ठरू लागले. पहिल्या निवडीचा मान अरुणा ढेरे यांना मिळाला. त्यांच्या योग्यतेविषयी आमचा वाद नाही. पण त्याच संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, तेव्हा निषेधाचा आवाज बाहेरून, बहिष्कार घालणाऱ्या लेखकांकडून उठला. मतभेदाला घरात जागा नसली, की तो अंगणातूनच ओरडणार.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वर्गात शिकवताना बेणारेभोवती जमलेल्या टोळीचा आपण तावातावाने धिक्कार करतो. मग अभ्यासमंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी ‘सर्वांना मान्य ना?’ असे विचारताच माना डोलावतो आणि खरे मत चहाच्या टपरीवर सांगतो. पाचामुखी परमेश्वर असतो, असे म्हणतात. पण पाचही मुखे उघडली तर! चार मिटलेली आणि एक बोलणारे, याला आम्ही एकमत म्हणणार नाही. प्रत्येक इतिवृत्तात ‘सर्वानुमते’च्या खाली असहमतीसाठी एक ओळ राखून ठेवावी. ती वर्षानुवर्षे कोरी राहिली, तर काळजी करावी.