पाण्याच्या खात्यावर नफा नाही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाने 'शुभ' आणि 'लाभ' लिहितात. हे दोन शब्द शेजारी लिहिणे सोपे. एकत्र नांदवणे कठीण. इंग्लंडातल्या एका व्यापाऱ्याने ते एका शहराच्या कारभारात नांदवून पाहिले, त्याची ही हकीकत.

त्याचे नाव जोसेफ चेंबर्लेन. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला नेव्हिल हा त्याचाच मुलगा. जोसेफचा जन्म १८३६ साली लंडनला झाला. बर्मिंगहॅमला त्याच्या आत्याच्या यजमानांचा स्क्रूचा कारखाना होता. बापाने त्यात भांडवल घातले आणि १८५४ साली अठरा वर्षांच्या पोराला तिकडे धाडले. पोराने हिशेब आणि विक्री अशी सांभाळली की, इंग्लंडातले दोन-तृतीयांश स्क्रू याच कारखान्यातून निघू लागले. १८७४ साली, अडतिसाव्या वर्षी, गडगंज होऊन तो धंद्यातून मोकळा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी तो शहराचा महापौर झाला होता.

शहराची अवस्था कशी होती म्हणता? नळाचे पाणी आठवड्यातून तीन दिवस! निम्मे लोक विहिरींवर अवलंबून, आणि त्यांतल्या कित्येक विहिरींत गटारांची घाण झिरपलेली. पाणी एका खासगी कंपनीच्या हाती, दिव्यांचा गॅस दुसऱ्या दोन कंपन्यांच्या. चेंबर्लेनने १८७५ साली पार्लमेंटकडून कायदे करवून घेतले आणि तिन्ही कंपन्या शहरासाठी विकत घेतल्या.

खरी गंमत पुढेच आहे. गॅसवर नफा मिळवायचा आणि तो शहराच्या कामी लावायचा, असे त्याने ठरवले. पाण्यावर मात्र नफा घ्यायचा नाही! गॅस हा धंदा, पाणी हा जीव. कोणत्या खात्यावर लाभ मांडायचा आणि कोणत्या खात्यावर नाही, हे ज्याला कळते तोच खरा व्यापारी.

त्याची वही अगदी चोख होती असे मात्र नाही. दाटीची, कोंदट वस्ती पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता काढायची योजना त्याचीच. त्याने १८७६ साली महापौरपद सोडले आणि रस्त्याचे काम १८७८ साली सुरू झाले. दुतर्फा झकपक दुकाने उभी राहिली. जागा ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या, म्हणजे मुदतीअंती सारे शहराच्या मालकीचे! हिशेब पक्का. पण ज्या गरिबांची घरे पाडली, त्यांना शहराने तेव्हा घरे बांधून दिली नाहीत. ती बाकी तशीच राहिली.

वाचकहो, यंदा वहीवर कुंकू लावताना 'लाभ'च्या आधी 'शुभ' का लिहितात, ते क्षणभर आठवा. आणि सकाळी नळ सोडाल, तेव्हाही!