राज्यपद सुटल्यावर

निवडणुकीत पडलेला मनुष्य पुढे काय करतो, या प्रश्नाकडे वर्तमानपत्रांचे सहसा लक्ष जात नाही. कालिदासाने वर्णिलेले रघुकुलातील राजे उतारवयात राज्य पुत्राच्या स्वाधीन करून वनाची वाट धरीत. पण ते स्वेच्छेने. ज्यास लोकांनीच खाली उतरविले त्याच्या वानप्रस्थाचा विचार शास्त्रकारांस करावाच लागला नाही. म्हणून अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे उत्तरायुष्य आज वाचकांपुढे मांडीत आहो.

1980 च्या निवडणुकीत 50 राज्यांपैकी 44 राज्ये त्यांच्या विरुद्ध गेली. तेहरानमध्ये ओलीस धरलेले 52 अमेरिकन 444 दिवसांनी सुटले, तेही नेमके कार्टर पायउतार झाले त्याच दिवशी. वय अवघे 56. जॉर्जियातील प्लेन्स या लहानशा गावी परतून पाहतात तो भुईमुगाच्या धंद्यावर सुमारे दहा लक्ष डॉलरांचे कर्ज! कारकीर्दीत त्यांजवर मोठा आक्षेप असे तो हा की, हा गृहस्थ प्रत्येक कागद स्वतः वाचीत बसतो आणि बारीकसारीक तपशिलात गुरफटून जातो. आक्षेप अगदीच खोटा नव्हता.

1982 साली त्यांनी अॅटलांटा येथे कार्टर सेंटर स्थापिले, व 1986 पासून त्या संस्थेने नारूच्या निर्मूलनाचे काम अंगावर घेतले. नारू म्हणजे काय, हे घरातील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. आमच्या बालपणी पायावरील फोडातून हातभर लांबीचा जंतू डोकावू लागला म्हणजे तो काडीस गुंडाळून रोज थोडाथोडा ओढीत. मध्येच तुटला की पाय सुजून येई. यास लस नाही, औषध नाही. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो, जंतूची पिले त्या पाण्यात पडतात, पाण्यातील सूक्ष्म प्राणी ती गिळतात, आणि ते पाणी जो पिईल त्याच्या अंगातून वर्षभराने नवा नारू निघतो. पाणी वस्त्रगाळ करून प्यावे हा नियम आपल्या घरांतून पूर्वापार चालत आला. पायविहिरीवाचून ज्यांस गती नव्हती त्यांच्या दारी तो नेण्यास मात्र सरकारी मोहीमच निघावी लागली. भारतातील शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात आढळला, व 2000 साली देश नारूमुक्त ठरला.

1986 साली जगात या रोगाचे अदमासे 35 लक्ष रोगी होते. ते हटवावयाचे तर खेडे न् खेडे, तळे न् तळे मोजले पाहिजे, घरोघर गाळणीचे कापड पोचले पाहिजे, प्रत्येक रोग्यास पाण्याबाहेर ठेविले पाहिजे. अध्यक्षपदी जो दोष ठरला तोच स्वभाव येथे कामास आला! शिवाय अधिकार गेला तरी ओळख उरली होती. 1995 साली सुदानात दोन्ही पक्षांकडून त्यांनी जवळजवळ सहा महिन्यांचा युद्धविराम मिळविला. त्या अवधीत आरोग्यसेवक गाळण्या घेऊन खेडोपाडी शिरले. नारूसाठी लढाई थांबल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी ऐकिवात नाही.

सर्वच काही गोड होते असे मात्र नव्हे. 1994 साली ते उत्तर कोरियास गेले आणि वाटाघाटींचे फलित आपल्या सरकारच्या संमतीची वाट न पाहता दूरचित्रवाणीवरून जाहीर करून मोकळे झाले. परिणाम बरा झाला असेल. तथापि ज्यास लोकांनी निवडलेले नाही त्याने राष्ट्राच्या वतीने बोलू नये, असेच आमचे मत आहे. 2002 चे नोबेल शांतता-पारितोषिक मिळाले म्हणून ते बदलत नाही.

सेवेचे वळण मात्र त्यांच्या घरचेच. मातोश्री लिलियन 1966 साली, वयाच्या 68 व्या वर्षी, मुंबईजवळच्या विक्रोळीत परिचारिका म्हणून आल्या आणि सुमारे दोन वर्षे येथील रोग्यांची शुश्रूषा करून परतल्या. त्या वेळी पुत्र कोणी मोठा नव्हता. चाळीस वर्षांनी, 2006 मध्ये, तोच पुत्र 82 व्या वर्षी लोणावळ्याजवळ गरिबांची घरे बांधण्यास हातोडा घेऊन उभा राहिला.

आपल्या आधी शेवटचा नारू मरावा, अशी इच्छा कार्टर यांनी बोलून दाखविली होती. 2023 साली जगातील रोग्यांची संख्या 14 वर आली. ता. 29 डिसेंबर 1924 नव्हे, 2024 रोजी, शंभरी ओलांडून ते वारले. नारू मागे उरला. आफ्रिकेतील चाड देशात त्याने कुत्र्यांचा आश्रय घेतला आहे, म्हणून तेथील खेड्यांतून कुत्री बांधून ठेवावीत, माशांची आतडी पुरून टाकावीत, असे आता घरोघर सांगत फिरावे लागते.