आधी फाटक, मग तोफ

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच प्रवासाचे बेत शिजू लागतात. आमचे एक शेजारी अंकोरवाटची देवळे पाहायला निघाले आहेत. बँकॉकपर्यंत विमान, पुढे मोटारीने पोईपेटच्या नाक्यावरून कंबोडियात, अन् आल्या वाटेने परत! हा बेत एका जुन्या प्रवासपुस्तकातला. मी म्हटले, "जाल खरे, पण नाका बंद असला तर?"

थायलंड-कंबोडियाचा हद्दीचा तंटा जुना. कड्यावरचे प्रिआ विहिआर हे शिवमंदिर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ साली कंबोडियाला दिले, तरी धुसफूस राहिलीच. २०२५ सालचा क्रम पाहा. जूनमध्ये थायलंडने नाके प्रवाशांना बंद केले. तोफा धडाडल्या त्या २४ जुलैला. जुलैअखेर युद्धविराम झाला अन् डिसेंबरात पुन्हा भडका उडाला. तेव्हा प्रवाशाने कान द्यावा तो फाटकाच्या करकरीला. तोफ मागाहून बोलते.

माझे सांगणे एवढेच, की परतीची वाट नाक्याच्या भरवशावर ठेवू नये. सिएम रीपला विमानाने उतरावे, तेथूनच विमानाने परतावे. विम्याच्या कागदातले युद्धाचे कलम वाचावे. पुष्कळदा ते नुकसान वगळलेले असते. नोम पेन्हच्या भारतीय वकिलातीचा फोन टिपून ठेवावा. सीमाभागात मळलेली वाट सोडू नये. जुन्या लढायांतले सुरुंग तेथे अजून जिवंत आहेत.

आणि कुरबुर कानी आलीच, तर जाणे पुढे ढकलावे. देवळे आठशे वर्षे उभी आहेत; पुढल्या दिवाळीपर्यंत कुठे जात नाहीत!